हिवतापग्रस्त लोकसमूहात वाढलेली प्लीहा आणि प्रतिपिंडांची पातळी: या दोन पुराव्यांचा अर्थ कसा लावावा

मध्य भारतातील जंगलभागात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पाहणीत लहान मुलांमध्ये पाणथरी, म्हणजेच प्लीहा, वाढल्याचे प्रमाण बरेच आढळले. त्याच गावांतील प्रौढांची पाणथरी क्वचितच हाताला लागली, पण त्यांच्या रक्तातील हिवतापाच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) पातळी मुलांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. या सर्वांत वेगळी ठरली ती एक मध्यमवयीन स्त्री. तिची पाणथरी बेंबीच्या खाली उतरली आहे, आयजीएम या प्रकारची प्रतिपिंडे फार वाढली आहेत आणि वारंवार रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनही रक्तात परजीवी सापडत नाहीत. प्लीहेचा आकार आणि प्रतिपिंडे ही दोन्ही हिवतापाचीच चिन्हे असतील, तर ती एकमेकांशी जुळत का नाहीत, आणि त्यांपैकी कशावर विश्वास ठेवावा?

विश्वास दोन्हींवर ठेवावा. मात्र वाढलेली प्लीहा आणि प्रतिपिंडे यांची कालमर्यादा वेगळी आहे, वयानुसार त्यांची चाल वेगळी आहे, आणि एका माणसाच्या बाबतीत त्यांचा जो अर्थ होतो तोच संपूर्ण गावाच्या बाबतीत होतो असेही नाही. हे ध्यानात न घेता दोन्हींचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडले की ते परस्परविरोधी वाटू लागतात.

आधी प्लीहेचे काम पाहू. निरोगी प्रौढ माणसाची प्लीहा साधारण 150 ते 200 ग्रॅम वजनाची असते आणि डाव्या बरगड्यांच्या आड पूर्णपणे झाकलेली असते. तिच्या लाल गरात रक्त उघड्या जागेत सोडले जाते, आणि तेथून शिरांच्या पोकळीत परतण्यासाठी तांबड्या पेशींना अत्यंत अरुंद फटींतून वाकून, दबून निघावे लागते. ही जणू शरीराची चाळणीच आहे. हिवतापाचा परजीवी ज्या पेशीत वाढतो, ती पेशी ताठर होते, या फटींतून तिला जाता येत नाही, आणि आसपासच्या भक्षक पेशी तिला गिळतात. कधी कधी पेशी तशीच सोडून आतला परजीवी तेवढा काढून घेतला जातो. प्रतिपिंडांचे आवरण चढलेल्या पेशी तर भक्षक पेशी अधिक तत्परतेने ओळखतात. पांढऱ्या गरात मात्र काम वेगळे चालते. तेथे लसिका पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी; बी व टी हे त्यांचे प्रकार) परजीवीच्या प्रथिनांशी परिचित होतात, बी पेशींची वाढ होते आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या पिढ्या घडतात. म्हणजे संसर्गित पेशी अडवणारे आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवणारे इंद्रिय एकच आहे. प्लीहा वाढते ती या दोन्ही कामांचा ताण एकाच वेळी आल्यामुळे: अडकलेल्या पेशी, वाढलेल्या भक्षक पेशी, फुगलेला पांढरा गर आणि तुंबलेले रक्त या सगळ्यांची ती बेरीज असते.

ही वाढ बऱ्याच अंशी परत फिरते. पहिल्या तापानंतर मऊ आणि दुखरी झालेली मुलाची प्लीहा योग्य औषधाने काही आठवड्यांत पुन्हा बरगडीआड जाते. वारंवार संसर्ग होत राहिला, तर ती घट्ट आणि कडक होते व उतरायला महिने लागतात. म्हणून मुलांमधील प्लीहेची वाढ मुख्यतः गेल्या काही महिन्यांतील, फार तर एकदोन हंगामांतील, संसर्गाची साक्ष देते. प्रतिपिंडांची साक्ष याहून बरीच जुनी असू शकते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

प्लीहा चाचपून हिवताप मोजण्याची पद्धत भारतातच रुजली. 1840 च्या दशकात यमुनेच्या कालव्यांच्या काठी ताप का वाढतो याचा शोध घेण्यासाठी बेकर, डेम्पस्टर आणि यूल यांची समिती नेमण्यात आली. समितीतील लष्करी वैद्य डेम्पस्टर यांनी गावोगावच्या लोकांच्या प्लीहा तपासून कोणती वस्ती किती बाधित आहे हे ठरवले. हिवतापाचा परजीवी तेव्हा कोणी पाहिलेलाही नव्हता. लाव्हेराँ यांनी तो 1880 मध्ये पाहिला. पुढे रोनाल्ड रॉस 1907-08 मध्ये मॉरिशसला गेले, तेव्हा त्यांनीही मुलांच्या प्लीहा हाच मोजमापाचा आधार घेतला. 1944 मध्ये हॅकेट यांनी आकाराच्या श्रेणी निश्चित केल्या आणि त्याच आजही वापरल्या जातात. खोल श्वास घेऊनही प्लीहा लागली नाही तर शून्य. केवळ खोल श्वासाला बरगडीखाली लागली तर एक. बरगडीची कड आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत आली तर दोन, बेंबीच्या पातळीपर्यंत तीन, बेंबी आणि जघनास्थी यांच्या मध्यापर्यंत चार आणि त्याहून खाली पाच. अंतर डाव्या स्तनाग्रापासून खाली सरळ येणाऱ्या रेषेवर पाहायचे असते.

केवळ किती मुलांची प्लीहा वाढली हे टक्क्यांत सांगून भागत नाही. ती किती वाढली हेही सांगावे लागते. त्यासाठी वाढीव प्लीहांची सरासरी श्रेणी काढतात. समजा, 100 मुलांपैकी 40 जणांची प्लीहा लागली आणि त्यांत 20 जण पहिल्या, 12 दुसऱ्या, 6 तिसऱ्या व 2 चौथ्या श्रेणीत आहेत. श्रेणी आणि संख्या यांच्या गुणाकारांची बेरीज 70 येते, तिला 40 ने भागले की 1.75 मिळतात. शून्य श्रेणीची मुले या भागाकारात धरायची नाहीत. ही चूक अहवालांत सर्रास दिसते आणि तिच्यामुळे दोन तालुक्यांची तुलनाच निरर्थक होते.

1950 साली कंपाला येथे झालेल्या हिवताप परिषदेत या मोजमापावरून प्रदेशांचे वर्गीकरण ठरले. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत प्लीहा-दर, म्हणजे प्लीहा वाढलेल्यांचे शेकडा प्रमाण, 10 टक्क्यांपर्यंत असेल तर हायपोएंडेमिक (कमी प्रसार), 11 ते 50 असेल तर मेसोएंडेमिक (मध्यम प्रसार), आणि सतत 50 च्या वर राहून प्रौढांतही दर बराच असेल तर हायपरएंडेमिक. चौथा वर्ग होलोएंडेमिक प्रदेशांचा आहे. तेथे मुलांचा दर सतत 75 टक्क्यांच्या वर असतो आणि प्रौढांचा दर मात्र कमी असतो. प्रश्नकर्त्यांना जी विसंगती वाटली, ती या चौथ्या वर्गाच्या व्याख्येतच लिहिलेली आहे. प्रसार सर्वाधिक असतो तेथेच प्रौढांची प्लीहा आक्रसते. त्यामुळे प्रौढांचा कमी प्लीहा-दर एकटा घेतला तर त्याचे दोन परस्परविरुद्ध अर्थ निघू शकतात: गावात हिवताप नाही, किंवा गावात तो इतका आहे की मोठी माणसे त्याला सरावली आहेत. मुलांचा आकडा शेजारी असल्याशिवाय यांतला कोणता अर्थ खरा हे सांगता येत नाही.

वयानुसार होणाऱ्या या बदलाचा उत्तम अभ्यास ख्रिस्तोफर्स यांनी सिंहभूम भागातील आदिवासी वस्त्यांत केला. तो 1924 मध्ये प्रसिद्ध झाला आणि माझ्या मते भारतात हिवतापावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यायला हवा. त्यांनी रक्तात परजीवी आहेत की नाहीत एवढेच पाहिले नाही, तर एका घन मिलिमीटरमध्ये ते किती आहेत हे मोजले. पहिल्या एकदोन वर्षांत बाळाच्या रक्तात परजीवींची संख्या प्रचंड असते. त्यानंतर संसर्ग चालू राहतो, पण संख्या उतरू लागते. मोठ्या माणसांत परजीवी असतात ते अगदी तुरळक आणि बहुधा तापाविना. प्लीहेचा आकार या क्रमाच्या थोडा मागून चालतो. लहानपणी तो झपाट्याने वाढतो, काही वर्षे तसाच राहतो आणि अंगात प्रतिकारशक्ती मुरू लागली की ओसरतो. रक्तातील परजीवींचा भार कमी झाला की चाळणीवरचा भारही कमी होतो. प्रतिपिंडांचा क्रम याच्या उलट असतो. बाळ आईकडून मिळालेली आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे घेऊन जन्मते, ती पहिल्या काही महिन्यांत ओसरते, मग स्वतःच्या संसर्गातून पातळी वाढू लागते आणि प्रौढ वयापर्यंत चढतच जाते. म्हणून तीव्र प्रसाराच्या प्रदेशात वयाच्या आलेखावर या दोन रेषा एकमेकींना छेदतात. प्रसार मध्यम किंवा हंगामी असेल, तर प्रौढांनाही पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही, त्यांची प्लीहा वाढलेलीच राहते आणि दोन रेषा बऱ्याच वयापर्यंत बरोबरीने चालतात. कोणत्या वयात त्या एकमेकींपासून दूर जातात, यावरूनच गावाच्या प्रसाराचा अंदाज येतो.

प्रतिपिंडांनी संरक्षण मिळते याचा थेट पुरावा गाम्बियातून आला. 1961 मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गाम्बियातील प्रौढांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा भाग, हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचले. थोड्याच दिवसांत मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. युरोपीय रक्तातून काढलेल्या ग्लोब्युलिनचा तसा परिणाम झाला नाही. पुढे 1991 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील प्रौढांचे आयजीजी थायलंडमधील रुग्णांना दिल्यावरही परजीवी कमी झाले, म्हणजे हे संरक्षण एका खंडापुरते मर्यादित नव्हते.

यावरून ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे जास्त तो अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष मात्र काढू नये. हिवताप बी पेशींना सरसकट चेतवतो. त्यामुळे बाधित प्रदेशातील लोकांत एकूण आयजीजी आणि आयजीएम दोन्ही वाढतात, पण त्यांतील बराच मोठा भाग परजीवीला चिकटतच नाही. एकूण ग्लोब्युलिन मोजणे आणि परजीवीविरुद्धचे विशिष्ट प्रतिपिंड मोजणे या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. अहवालात कोणती केली हे स्पष्ट लिहिले पाहिजे. विशिष्ट प्रतिपिंडांतही फरक असतो. डासाच्या दंशातून शरीरात शिरणाऱ्या स्पोरोझोइट या परजीवीच्या रूपाच्या पृष्ठभागावरील सीएसपी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे डासांच्या दंशांची साक्ष देतात, तर एमएसपी-1 किंवा एएमए-1 या रक्तातील परजीवीच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे रक्तातील संसर्गाची. इम्युनोफ्लुरोसन्स चाचणीत संपूर्ण परजीवी वापरला जातो, त्यामुळे तिचा आकडा या सर्वांची गोळाबेरीज असतो. आता आणखी एक काळजी घ्यावी लागेल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-21 लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली, आणि ती लस सीएसपीविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. आफ्रिकेतील ज्या मुलांना ती दिली जाते, त्यांच्या रक्तातील सीएसपीची पातळी यापुढे डासांच्या दंशांचे माप राहणार नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. एकाच गावातील मुलांची तुलना केली, तर ज्यांच्या प्रतिपिंडांची पातळी जास्त, त्यांनाच पुढील हंगामात ताप जास्त आला असे अनेकदा दिसते. याचे कारण प्रतिपिंडे निरुपयोगी असतात असे नाही. ज्या मुलाचे घर पाणवठ्याजवळ आहे, त्याला डास जास्त चावतात. म्हणून त्याची प्रतिपिंडे वाढतात आणि म्हणूनच त्याला तापही जास्त येतो. संसर्गाची संधी सर्वांना सारखी होती असे दाखवता आले, तरच प्रतिपिंडांच्या संरक्षक गुणाविषयी बोलता येते. प्लीहेलाही हाच न्याय लागू होतो.

काळाच्या फरकासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. उत्तर नायजेरियातील गार्की येथे 1969 ते 1976 या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि नायजेरिया सरकार यांनी मोठा प्रकल्प चालवला. घरांत प्रोपोक्सर या कीटकनाशकाची फवारणी केली, काही गावांत सर्वांना सल्फालीन आणि पायरिमेथामिन ही औषधे ठराविक अंतराने दिली आणि या सर्व काळात रक्तातील परजीवींबरोबर प्रतिपिंडेही मोजली. औषधे आणि फवारणी एकत्र चालू असताना परजीवी अतिशय खालच्या पातळीवर गेले, पण संपले नाहीत. प्रतिपिंडे त्यांच्यामागून हळूहळू उतरली, मोठ्या माणसांत तर फारच हळू. उपाययोजनेच्या काळात जन्मलेल्या बाळांत मात्र प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाणच घटले. म्हणून एखाद्या कार्यक्रमाचा परिणाम प्रतिपिंडांवरून तपासायचा असेल, तर तो सुरू झाल्यानंतर जन्मलेली मुले तपासावीत. प्रौढांची पातळी त्यांच्या बालपणाचा हिशेब सांगते.

दुसरे उदाहरण मॉरिशसचे. ज्या बेटावर 1867 च्या साथीत हजारो माणसे मेली आणि जेथे रॉस यांनी मुलांच्या प्लीहा मोजल्या, तेथे हिवताप हटत आला असताना ब्रुस-च्वाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयानुसार प्रतिपिंडे तपासली. लहान मुलांत ती जवळजवळ नव्हती. प्रसार खंडित होण्यापूर्वी ज्यांचे बालपण गेले, त्या मोठ्यांत ती टिकून होती. प्लीहा आणि काचपट्टी या दोन्ही तपासण्या जेथे काहीच सांगू शकत नाहीत, तेथे प्रतिपिंडांचा वयानुसार काढलेला आलेख प्रसार साधारण केव्हा थांबला हे दाखवतो. 1973 मध्ये मॉरिशस हिवतापमुक्त जाहीर झाले, आणि 1975 च्या चक्रीवादळानंतर काही काळाने तेथे स्थानिक प्रसार पुन्हा सुरू झाला. मराठी भाषकांसह भारतीय वंशाच्या अनेक कुटुंबांनी या बेटावर हा सारा इतिहास अंगावर झेलला आहे.

आता ज्या अभ्यासांमुळे प्लीहेविषयीची समजूत बदलली त्यांकडे वळतो, कारण केवळ रोगाची खूण एवढाच वाढलेल्या प्लीहेचा अर्थ लावणे आता पुरेसे नाही. पश्चिम आफ्रिकेत फुलानी हे गुरे पाळणारे लोक अन्य समाजांच्या शेजारी, त्याच डासांच्या प्रदेशात राहतात. मोदियानो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये बुर्किना फासोतील फुलानी, मोसी आणि रिमाइबे यांची तुलना प्रसिद्ध केली. डासांचा उपद्रव सारखा असूनही फुलानींच्या रक्तात परजीवी कमी आढळले, ताप कमी आला आणि परजीवीच्या अनेक प्रतिजनांविरुद्धची (प्रतिपिंडे ज्यांना ओळखतात त्या प्रथिनांविरुद्धची) प्रतिपिंडे जास्त आढळली. गाम्बियात 1987 मध्ये ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी, आणि पुढे मालीत डोलो व इतरांनी याला आणखी एक बाजू जोडली: फुलानींमध्ये प्लीहा वाढण्याचे प्रमाणही शेजाऱ्यांपेक्षा जास्त होते. परजीवी कमी, प्रतिपिंडे जास्त आणि प्लीहा मोठी, हा मेळ पाठ्यपुस्तकातील साध्या समीकरणात बसत नाही. त्यांची प्रतिकारयंत्रणा परजीवीला अधिक जोमाने प्रत्युत्तर देते आणि प्लीहेची वाढ हा त्या प्रत्युत्तराचाच एक भाग आहे, असे मानण्याकडे माझा कल आहे. म्हणून दोन जमातींचे प्लीहा-दर शेजारी ठेवून एकीकडे हिवताप जास्त आहे असे म्हणण्यापूर्वी रक्तातील परजीवींचा दर पाहणे आवश्यक आहे. वेगवेगळ्या आदिवासी समाजांची गावे एकमेकांना लागून असलेल्या प्रदेशात ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते.

दुसरा अभ्यास इंडोनेशियाच्या पापुआ भागातील तिमिकाचा आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, बहुतांशी अपघातामुळे ज्यांची प्लीहा काढावी लागली, अशा तापविरहित लोकांच्या प्लीहा तपासल्या. जवळजवळ सर्वांच्या प्लीहेत जिवंत परजीवी सापडले. व्हायव्हॅक्स या जातीच्या परजीवीच्या बाबतीत तर शरीरातील एकूण परजीवींपैकी 98 टक्क्यांहून अधिक प्लीहेतच होते. रक्ताच्या थेंबात जे दिसते ते शरीरातील संसर्गाचा किती लहान हिस्सा असू शकते, हे यातून कळते. प्लीहा परजीवींना मारते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवते आणि काही प्रमाणात त्यांना आसराही देते. दीर्घकाळ चालणाऱ्या संसर्गात काचपट्टी कोरी, प्रतिपिंडे चढलेली आणि प्लीहा वाढलेली असे एकाच वेळी का दिसू शकते, याचे उत्तर येथे बऱ्याच प्रमाणात मिळते.

प्रश्नातील स्त्रीचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागेल. तिला हायपररिअ‍ॅक्टिव्ह मलेरियल स्प्लेनोमेगली, म्हणजे हिवतापाला शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादामुळे प्लीहा प्रचंड वाढण्याचा विकार, असण्याची शक्यता आहे. पूर्वी या विकाराला ट्रॉपिकल स्प्लेनोमेगली सिंड्रोम म्हणत. फाकुन्ले यांनी 1981 मध्ये मांडलेले निकष आजही उपयोगी आहेत: प्लीहा बरगडीखाली किमान 10 सेंटिमीटर, आयजीएमची पातळी त्या भागातील सरासरीहून दोन प्रमाण विचलनांपेक्षा अधिक, हिवतापाच्या प्रतिपिंडांची पातळी उच्च, आणि हिवतापाच्या औषधाने प्लीहा व आयजीएम या दोन्हींत स्पष्ट घट. सहा महिन्यांत 40 टक्के घट झाली तर निदानाला चांगला आधार मिळतो. आयजीएमची तुलना शहरी प्रयोगशाळेने छापलेल्या सामान्य मर्यादेशी करून चालणार नाही. बाधित प्रदेशात निरोगी दिसणाऱ्या लोकांचेही आयजीएम वाढलेले असते, म्हणून तुलना त्याच गावातील त्याच वयाच्या लोकांशी हवी.

या विकारात घडते ते असे: परजीवीने सतत चेतवल्यामुळे बी पेशी आयजीएम बनवत राहतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या टी पेशी कमी पडतात. या टी पेशींनाच मारणारी प्रतिपिंडे अशा रुग्णांत आढळली आहेत. आयजीएमच्या मोठ्या पुंजक्यांची विल्हेवाट लावण्याचे काम प्लीहा आणि यकृत यांच्यावर येते आणि दोन्ही वाढत जातात. वाढलेली प्लीहा रक्तपेशी अडवून नष्ट करते, त्यामुळे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटतात. पापुआ न्यू गिनीतील वरच्या वाटुट खोऱ्यात तर प्रौढांत हा विकार इतका आढळला की, मोठी प्लीहा ही तेथे अपवादाची गोष्ट नव्हती. युगांडात रवांडाहून आलेल्या स्थलांतरितांमध्ये तो अधिक आढळला आणि अनेक ठिकाणी एकाच कुटुंबातील माणसांत दिसला. आनुवंशिक प्रवृत्तीचा भाग त्यात आहे, हे यावरून मानायला हरकत नाही. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या व्यक्तींत तो कमी आढळतो.

निदान करण्यापूर्वी इतर शक्यता मनापासून तपासाव्यात. विदर्भ, छत्तीसगड आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आजार आहे. आफ्रिकेतील रुग्णांची प्लीहा लहानपणीच आक्रसून जाते. भारतीय रुग्णांत ती अनेकदा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते. त्यामुळे प्लीहा मोठी आहे म्हणून सिकलसेल नसावा, असा निष्कर्ष आपल्याकडे चालत नाही. थॅलेसेमिया, यकृताच्या विकारामुळे प्रतिहारी शिरेतील वाढलेला दाब, बिहारमध्ये राहून आलेल्या माणसांत काळा आजार, क्षयरोग आणि रक्ताचे कर्करोग यांचीही तपासणी हवी. लसिका पेशींची वाढ फार असेल, तर घानातील बेट्स आणि बेडू-अ‍ॅडो यांच्या कामाची आठवण ठेवावी. हा विकार आणि प्लीहेचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) यांची सीमा काही रुग्णांत पुसट असते, असे त्यांनी दाखवले आहे. औषधाने प्लीहा उतरलीच नाही, तर या दिशेने शोध घ्यावा.

पाहणीविषयी काही व्यावहारिक सूचना. मुलाला आडवे झोपवून, गुडघे वाकवून, हात उजव्या जांघेच्या बाजूने वर न्यावा. थेट डाव्या बरगडीखाली चाचपायला सुरुवात केली तर फार मोठी प्लीहा हाताखालून निसटते. दाब हलका असावा, कारण नुकतीच वाढलेली मऊ प्लीहा फाटू शकते. दोन निरीक्षकांच्या हातात फरक पडतोच, म्हणून सुरुवातीला तीच मुले दोघांनी स्वतंत्रपणे तपासून आकडे जुळवावेत. प्रत्येक मुलाचे वय वर्षांत नोंदवावे. "लहान" आणि "मोठे" असे दोन रकाने करून पाठवलेल्या पाहणीतून वयाचा आलेख काढताच येत नाही. गेल्या महिन्यात हिवतापाचे औषध घेतले का, हेही विचारावे. आज आशा कार्यकर्ती तपासणी करून लगेच औषध देते, त्यामुळे मुलांची प्लीहा वाढायला वेळच मिळत नाही. कमी प्रसाराच्या तालुक्यात प्लीहा-दर शून्याजवळ आला म्हणजे प्रसार थांबला, असे यामुळे धरता येत नाही. तेथे लहान मुलांच्या प्रतिपिंडांवरून अधिक माहिती मिळेल.

आणखी एक इशारा देणे भाग आहे. तापाच्या रुग्णाला हिवताप आहे का हे ठरवण्यासाठी प्रतिपिंडांची चाचणी वापरू नये. बाधित गावातील कोणाचेही रक्त पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नव्याने संसर्ग झालेल्या माणसाचे पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. तापाच्या निदानासाठी काचपट्टी किंवा प्रतिजन ओळखणारी रॅपिड टेस्टच हवी.

त्या स्त्रीसाठी पुढचा मार्ग असा. सिकलसेल आणि जी-6-पीडी (हे एन्झाइम कमी असल्यास हिवतापाच्या काही औषधांनी तांबड्या पेशी फुटतात) तपासून, गर्भधारणा नाही याची खात्री करून, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शनानुसार हिवतापाचा पूर्ण उपचार द्यावा. आफ्रिकेत या विकारावर रोज प्रोग्वानिल दीर्घकाळ देऊन प्लीहा उतरल्याचे अनुभव आहेत, आणि काही ठिकाणी आठवड्याला क्लोरोक्विनही वापरले गेले. येथे कोणते औषध किती काळ द्यायचे, हे त्या भागातील औषधरोध पाहून वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांसोबत ठरवावे. ती प्रसाराच्याच गावात राहणार असेल, तर औषध मध्येच थांबवल्यास प्लीहा पुन्हा वाढते, हे तिला आणि घरच्यांना आधीच समजावून सांगावे. मच्छरदाणी वापरण्याचा आग्रह धरावा. दर महिन्याला प्लीहेचे माप एकाच रेषेवर, शक्यतो एकाच डॉक्टरांनी घ्यावे, रक्तगणना करावी आणि तिसऱ्या व सहाव्या महिन्यात आयजीएम पाहावे. या काळात प्लीहा काढण्याचा सल्ला तिला कोणी दिला, तर घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. प्लीहा गेल्यावर हिवताप आणि न्यूमोकोकसचा संसर्ग दोन्ही जीवघेणे होऊ शकतात. औषधाला दाद न देणाऱ्या, रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटलेल्या मोजक्या रुग्णांतच शस्त्रक्रियेचा विचार करावा, आणि तोही आवश्यक लसी आधी देऊन व पुढे हिवतापाच्या प्रतिबंधक औषधाची सोय लावूनच.